सही करण्याआधी

अगं, आधी एवढंच सांग, त्या कागदावर सही केलीस का? नाही ना? मग शांतपणे बस. रडायचं असेल तर रडूनही घे, पण एक गोष्ट मनाशी पक्की कर: मला दाखवल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करायची नाही. ते गोड बोलतील, "हिशेब लवकर होईल" म्हणतील, "पोलीस केस करू" असंही म्हणतील. तरीही नाही.

आपल्या चेणे गावात हे काही पहिल्यांदा होत नाही. घोडबंदर रस्त्याला हॉटेलं, रिसॉर्ट, लग्नाची लॉन आहेत. काशीमिऱ्याला आणि भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आणि पॅकिंगची कामं आहेत. गावातल्या आणि वरच्या पाड्यांवरच्या किती बायकांचं घर त्यावर चालतं, तुला माहीत आहे. काढून टाकायची रीत सगळीकडे बहुतेक सारखीच असते. सुपरवायझर तोंडी सांगतो, "उद्यापासून येऊ नकोस." लेखी काहीच देत नाहीत. मग आठवड्याने हिशेबाला बोलावतात, आणि हिशेबाच्या चार कागदांत एक राजीनामा असतो. त्यावर सही झाली की तुला कुणी काढलंच नाही, तू आपणहून गेलीस असं होतं. जबरदस्तीने लिहून घेतला हे नंतर सिद्ध करायचं ओझं तुझ्यावर येतं, आणि ते फार जड असतं. त्या खोलीत तू आणि ते, तिसरं कोण असतं साक्षीला?

दुसरी युक्ती याहून सोपी. काहीच लिहून घ्यायचं नाही, फक्त गेटवर अडवायचं, आणि महिन्याभराने म्हणायचं, "बाई स्वतःच यायची बंद झाली." यावर सर्वोच्च न्यायालयाचा जुना निकाल आहे, १९७९ चा, जी. टी. लाड विरुद्ध केमिकल्स अँड फायबर्स ऑफ इंडिया. तिथले कामगार संपावर होते आणि कंपनी म्हणत होती की त्यांनी नोकरी सोडली. न्यायालयाने सांगितलं, नोकरी सोडली की नाही हा माणसाच्या इराद्याचा प्रश्न आहे; नुसत्या गैरहजेरीवरून तसं धरता येत नाही. पण तुझा इरादा कामावर यायचा होता, हे दिसायला हवं ना! म्हणून उद्याच्या उद्या पत्र जाऊ दे: अमुक तारखेला मला गेटवर अडवलं, मी राजीनामा दिलेला नाही, मी आजही कामावर यायला तयार आहे. स्पीड पोस्टाने पाठवायचं, पावती जपायची. वकील नंतर बघू, हे एक पान आधी.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते ऐक. तू परवापासून एकच म्हणते आहेस, "ताई, मी काही केलेलं नाही, मी प्रामाणिक आहे." मला ठाऊक आहे तू प्रामाणिक आहेस. पण कामावरून काढल्याच्या खटल्यांचे निकाल मी जितके वाचले, त्यांत माणूस चांगला की वाईट यापेक्षा त्याला कसं काढलं याचाच कीस जास्त काढलेला दिसतो. आरोप लेखी दिला का? उत्तराला वेळ दिला का? चौकशी झाली का, साक्षीदाराला उलट प्रश्न विचारू दिले का? तीच चूक करणाऱ्या दुसऱ्याला काय शिक्षा दिली? आणि आधीचं रेकॉर्ड काय?

हे नुसतं आपल्याकडचं नाही. अमेरिकेत युनियन असलेल्या कारखान्यांत बडतर्फीचं भांडण लवादापुढे जातं. तिथले एक लवाद, कॅरोल डॉहर्टी, यांनी १९६६ साली तारा बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रकरणात सात प्रश्न मांडले आणि मालकाने ते सगळे पार केले पाहिजेत असं म्हटलं. नियम आधी सांगितला होता का, तो कामाच्या दृष्टीने वाजवी होता का, शिक्षेआधी चौकशी केली का, ती निःपक्षपाती होती का, पुरावा होता का, सगळ्यांना सारखा न्याय लावला का, आणि शिक्षा चुकीच्या मानाने आहे का. आज साठ वर्षं झाली, तिथे हे प्रश्न अजून लावले जातात. चेण्याच्या हॉटेलातल्या हाउसकीपिंगच्या बाईलाही हेच प्रश्न कामाला येतात, म्हणून तुला सांगितले.

दोन खटले सांगते, दोन्ही आपल्या महाराष्ट्रातले आणि दोन्ही कामावर झोपलेल्या कामगारांचे. पहिला कलर-केम या रंग-रसायनांच्या कंपनीचा. १९८० सालची ऑगस्ट महिन्यातली रात्रपाळी, पहाटेचे साडेतीन. प्लँट मॅनेजर अचानक तपासणीला आला तर प्लँट चालू आणि सुपरवायझरसकट सगळे झोपलेले. बाकीच्यांना हलकी शिक्षा झाली आणि दोघा मजुरांना थेट बडतर्फ केलं. ते दोघे कामगार न्यायालयात गेले. न्यायालय म्हणालं, झोपले ही चूकच. पण त्यासाठी भाकरीच काढून घेणं हे चुकीच्या मानाने धक्का बसावा इतकं जास्त आहे. परत कामावर घ्या आणि मधल्या पगारातला ४० टक्के द्या. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं.

दुसरा पुण्याच्या भारत फोर्जचा. २६ ऑगस्ट १९८३, सकाळचे ११ वाजून ४० मिनिटं, पहिल्या पाळीचा हेल्पर लोखंडी पत्र्यावर गाढ झोपलेला सापडला. चौकशी झाली, काढलं. कामगार न्यायालय म्हणालं परत घ्या, त्यावर औद्योगिक न्यायालयाने वेगळं म्हटलं, उच्च न्यायालयाने आणखी वेगळं. अखेर जानेवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बडतर्फी बरोबर होती. का? कारण त्याआधी तीन वेळा त्याला शिक्षा झालेली होती आणि कंपनीकडे त्याचे कागद होते.

बघ बरं, चूक एकच, झोपण्याची. एकीकडे सुपरवायझरही झोपला होता आणि शिक्षेत भेदभाव झाला, म्हणून नोकरी परत मिळाली. दुसरीकडे आधीचे तीन कागद निघाले, म्हणून गेली. म्हणून मी तुला विचारतेय, तुला कधी मेमो दिला होता का? उशीर झाला म्हणून, गणपतीत सुट्टी घेतली म्हणून, काहीही. दिला असेल तर आत्ता सांग, लपवू नकोस. कोर्टात तो त्यांच्याकडून निघण्यापेक्षा आपल्याला आधी माहीत असलेला बरा. आणि पाहुण्याची अंगठी हरवली त्या दिवशी त्या मजल्यावर आणखी कोण कोण कामाला होतं, चावी कुणाकुणाकडे होती, त्यांच्यापैकी कुणाला काढलं आणि कुणाला नाही, हे आजच आठवून वहीत लिहून ठेव. अंगठी हरवली आणि चार जणींतून एकटीच घरी पाठवली, तर हा भेदभावच तुझा सगळ्यात मोठा मुद्दा आहे.

आता मुदतीचं. आपल्या राज्याचा १९७१ चा एक कायदा आहे, नाव लांबलचक आहे, कोर्टात सगळे त्याला यूएलपीच म्हणतात, म्हणजे अनुचित कामगार प्रथा. त्याच्या चौथ्या परिशिष्टात पहिलीच बाब अन्यायाने काढण्याची आहे: सूड म्हणून काढणं, धडधडीत खोटं कारण देऊन काढणं, बिनपरवाना गैरहजर होती असं रचून काढणं, बाजू न ऐकता घाईने काढणं, किरकोळ चुकीला मोठी शिक्षा देणं. तुझं प्रकरण यातल्या एकीत तरी बसतंच. पण तक्रार ९० दिवसांत करायची असते. उशिराचं सबळ कारण असेल तर न्यायालय घेतं, पण त्या भरवशावर राहायचं नाही. "साहेब म्हणालेत दिवाळीनंतर परत बोलावतो" असं ऐकून ९० दिवस निघून जातात, आणि अनेकदा तेवढ्यासाठीच ते म्हटलेलं असतं. नुसती नोटीस किंवा आरोपपत्र आलं असेल, काढलं नसेल, तरीही तक्रार करता येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली हिंदुस्थान लिव्हरच्या खटल्यात हे सांगून ठेवलंय.

दुसरा मार्ग समेटाचा. ठाण्याच्या कामगार आयुक्तालयात समेट अधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचा, तो दोघांना समोर बसवतो, जमलं तर जमलं, नाहीतर पुढे न्यायाधिकरण. आधी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात काढल्यापासून तीन वर्षांपर्यंत मुभा होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तो जुना कायदा गेला, आणि संहितेत समेटाला दोन वर्षांची मर्यादा आहे. आपला १९७१ चा राज्याचा कायदा संहितेने रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत नाही. तरी सध्या बदलाचा काळ आहे, म्हणून अर्ज कुठल्या दाराने टाकायचा हे वकिलाकडूनच ठरवून घ्यायचं. आपण मात्र सगळ्यात कडक मुदत, ९० दिवसांची, तीच आपली धरायची.

आणि हो, तुझा पगार कुणाच्या नावाने येतो? हॉटेलच्या की कॉन्ट्रॅक्टरच्या? हे फार महत्त्वाचं आहे बाई. भविष्य निर्वाह निधीचं पासबुक मोबाइलवर उघड, आस्थापनेचं नाव बघ, विमा कार्डावरचंही बघ. २००१ साली सिप्ला कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनी म्हणत असेल "ही आमची कामगारच नाही, कंत्राटदाराची आहे," तर तो वाद यूएलपीच्या तक्रारीत सुटत नाही. आधी मालक कोण हे दुसऱ्या मार्गाने ठरवून घ्यावं लागतं. कित्येक बायकांची वर्षं इथेच गेली. तुझ्या पासबुकात कॉन्ट्रॅक्टरचं नाव असलं तर आपण दार बदलायचं, किंवा दोघांनाही सामनेवाले करायचं. आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत नोकरी संपल्याची तारीख आणि कारण त्यांनी भरलंय का, तेही बघ. तिथे राजीनामा असं लिहिलं असेल तर लगेच हरकत घ्यायची.

तुझ्या नेमणुकीच्या पत्रात बारीक अक्षरात म्हटलंय की वाद झाला तर कंपनीने नेमलेल्या लवादापुढे जायचं. ते वाचून तू घाबरलीस. घाबरू नकोस. किंगफिशर एअरलाइन्सने पायलटांचे पगार थकवले तेव्हा त्यांनीही असंच म्हटलं होतं की करारात लवाद आहे, कामगार न्यायालयात येऊ नका. २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते मानलं नाही. कामगार कायद्याने दिलेला हक्क कामगार न्यायालयातच मागता येतो, खासगी लवादाकडे तो ढकलता येत नाही. कामगार कायद्यातही लवाद आहे, पण तो दोघांनी मिळून, लेखी, नाव ठरवून निवडायचा असतो. जिथे बळकट युनियन आहे तिथे ती चांगली गोष्ट आहे, पटकन निकाल लागतो. तुझ्यासारख्या एकटीला मात्र मी त्या वाटेने जाऊ देणार नाही. त्यांचा माणूस, त्यांची खोली, त्यांचं चहापाणी. तिथे तुझ्या बाजूने कोण बोलणार?

वीस किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती असणं संहितेने सक्तीचं केलंय, मालक आणि कामगार निम्मे-निम्मे, बायकांचं प्रतिनिधित्व त्यांच्या संख्येच्या प्रमाणात. समिती आहे का, एकदा लेखी विचारू. नसेल तर तेही आपल्या कामाचंच.

आता अवघड बोलणं. तुला नक्की काय हवंय? नोकरी परत, की पैसे आणि नाव साफ? रागाच्या भरात उत्तर देऊ नकोस. १९७८ साली हिंदुस्थान टिन वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की अन्यायाने काढलं तर परत कामावर घेणं आणि मधला पगार देणं हाच सर्वसाधारण नियम. तिथे ७५ टक्के पगार दिला. पुढे २००० नंतर वारं बदललं. विशेषतः रोजंदारीवरच्या लोकांना, काढणं बेकायदा ठरलं तरी, नोकरीऐवजी ठरावीक रक्कम द्यायची असे निकाल येऊ लागले. २००९ च्या जगबीर सिंग खटल्यात ५०,००० रुपये दिले आणि मिटवलं. मला हे पटत नाही. चूक मालकाची सिद्ध झाली आणि नोकरी कामगाराची गेली, याला न्याय म्हणवत नाही. पण तसे निकाल आहेत, आणि तुला अंधारात ठेवून मी लढायला पाठवणार नाही. ब्रिटनमध्ये लिंडा डिकन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली अन्याय्य बडतर्फीच्या खटल्यांवर मोठा अभ्यास छापला. त्यातही हेच दिसलं, की जिंकलेल्यांनाही नोकरी परत मिळणं फार विरळा, हाती येते ती भरपाई.

पण दीपाली गुंडू सुरवसे हे नाव लक्षात ठेव. औरंगाबादच्या एका खासगी प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका. २००७ साली त्यांना काढलं. शिक्षकांचं प्रकरण शाळा न्यायाधिकरणात जातं, त्यांनी तिथे दाद मागितली, न्यायाधिकरणाने परत घ्या आणि सगळा थकलेला पगार द्या म्हणून सांगितलं. उच्च न्यायालयाने पगाराचा भाग काढून टाकला. बाई दिल्लीला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि १२ ऑगस्ट २०१३ ला पूर्ण पगार परत मिळवला. त्या निकालात न्यायालयाने लिहिलंय की नोकरी गेल्यावर घरच्यांचं खाणं, मुलांचं शिक्षण सगळंच अडतं, उसनवारीवर दिवस काढावे लागतात. आणि खटला रेंगाळला म्हणून त्याची शिक्षा कामगाराला देता कामा नये. शिवाय एक फार उपयोगाची गोष्ट सांगितली: मधल्या काळात मला तेवढ्या पगाराचं दुसरं काम नव्हतं, एवढं कामगाराने शपथेवर सांगावं, होतं म्हणायचं असेल तर ते मालकाने सिद्ध करावं. म्हणून मधे चार घरची धुणीभांडी केलीस तर लाजू नकोस, लपवूही नकोस. किती मिळाले ते वहीत लिही. पोट भरायला केलेल्या कामाने खटला बुडत नाही, खोटं बोलल्याने बुडतो.

आता पैशाचा हिशेब, म्हणजे कुणी हातावर पंचवीस हजार ठेवले तर तुला भुरळ पडणार नाही. समज ते म्हणाले, चोरीबिरी काही नाही, कामच कमी झालंय. मग ती कपात झाली. वर्षात २४० दिवस भरले असतील तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. तुझी सहा वर्षं झाली. महिना १३,००० धरला तर नोटिशीचे १३,००० आणि भरपाईचे साधारण ३९,०००. पाच वर्षं पूर्ण म्हणून ग्रॅच्युइटी वेगळी: १३,००० ला २६ ने भागून १५ ने गुणायचं, वर्षाला ७,५००, सहा वर्षांचे ४५,०००. झाले ९७,०००. राहिलेला पगार आणि रजेचे पैसे याच्याबाहेर, आणि भविष्य निर्वाह निधी तर तुझाच आहे, तो कुणी उपकार म्हणून देत नाही. काढल्यावर थकलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असं आता वेतन संहिता म्हणते. आणि कपातच असेल तर तुझ्यानंतर लागलेल्या मुली अजून कामावर कशा, हेही विचारायचं. शेवटी आलेला आधी जातो, असा नियम आहे.

समेटात चांगली रक्कम आली, चोरीचा आरोप लेखी मागे घेतला आणि अनुभवाचा दाखला दिला, तर तू हो म्हण. मी तुला कमी लेखणार नाही. भारत फोर्जच्या त्या माणसाची एकवीस वर्षं कोर्टात गेली, घर कसं चाललं असेल त्याचं? पण आरोप तसाच ठेवून नुसते पैसे देत असतील तर घेऊ नकोस. उद्या वर्सोव्यापासून काशीमिऱ्यापर्यंत कुठल्या हॉटेलात तुला उभं करतील? नावाची किंमत ९७,००० पेक्षा जास्त आहे, आणि ही गोष्ट समेट अधिकाऱ्यासमोर तू स्वतः बोलायची, मी नाही.

वकिलाच्या फीची काळजी करू नकोस. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात मोफत वकील कुणाला द्यायचा याची यादी आहे. त्यात बाई आहे, उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जमातीचा माणूस आहे. औद्योगिक कामगारही आहे. तू तर तिन्हीत बसतेस. १५१०० हा नंबर फुकट लागतो, आणि ठाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तिथून वकील मिळेपर्यंत हॉटेलवाल्यांशी फोनवर बोलायचं नाही. त्यांना म्हणायचं, जे असेल ते लेखी पाठवा.

तुझा जुना फोन विकू नकोस हं. ड्युटीच्या ग्रुपवरचे मेसेज, सुपरवायझरचं "उद्या येऊ नको", पाळ्यांचे फोटो, सगळं त्याच फोनमध्ये राहू दे, आणि त्याची एक प्रत भावाच्या फोनमध्ये टाक. ग्रुपमधून काढायच्या आत हे करायचं, आजच. पगाराच्या पावत्या, बँकेचं पासबुक, ओळखपत्र, विमा कार्ड, आधार, जातीचा दाखला एका पिशवीत भर. ओळखपत्र परत मागितलं तर आधी दोन्ही बाजूंनी फोटो काढ.

सोमवारी ठाण्याला जाऊ. गायमुखाच्या घाटात कोंडी होते, म्हणून पहिल्या बसने निघायचं. त्या पत्राचा मजकूर मात्र आत्ताच लिहू. वही आण. वर तारीख घाल, मग गेटवर अडवलं तो दिवस, वेळ आणि अडवणाऱ्याचं नाव. नाव माहीत नसेल तर "रात्रपाळीचा वॉचमन" एवढं लिहिलं तरी चालेल.